मोठे टायर, कमी किलोमीटर आणि अन्वरभाई

दिवाळी झाल्यावर आमच्या गाडीला आलेलं सामान, वहीतून जसंच्या तसं उतरवते... टायर चार, माप १८५/७०, प्रत्येकी तीन हजार दोनशे. बसवायची मजुरी आणि बॅलन्सिंग आठशे. एकूण तेरा हजार सहाशे.

उरणच्या एका दुकानात आमच्या मापाचे टायर महाग होते. हे जरा मोठे, कुणीतरी सांगून ठेवलेले आणि न नेलेले, म्हणून स्वस्तात मिळत होते. "बसतात ना? मग घालून टाका," असं दुकानदाराला मीच म्हटलं... आणि देवाला हात जोडले की बाबा, पैसे वाचवलेस.

नागावला आमच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. मांडव्याच्या जेट्टीवरून पाहुणे आणायला ही गाडी, आणि ती चालवायला अन्वरभाई. आठ वर्षं. त्याआधी ते दुबईत गाडी चालवायचे. इथल्या आणखी दोन-तीन घरांचे पाहुणेही तेच आणतात-सोडतात.

टाकी फुल केली की मीटरचा आकडा आणि लिटर मी वहीत लिहिते. मॅट्रिकचं गणित मला एवढ्याच कामाला आलं. गाडी लिटरला अठरा द्यायची, कित्येक वर्षं अठराच. टायर बदलल्यावर सतरा झाली... पुढच्या वेळी सतरा, त्याच्या पुढच्या वेळीही सतरा.

गाडीत बिघाड नाही, रस्ते तेच. मग पेट्रोल जातं कुठे? माझ्या मनात जे यायला नको होतं ते आलं.

आणि मी ते बोलले. त्यांना एकट्याला गाठून विचारलं असतं तर एक वेळ ठीक, पण अंगणात शेजारच्या दोन होमस्टेवाल्या बसल्या होत्या आणि मी वही उघडून म्हटलं, "अन्वरभाई, लिटरमागे एक किलोमीटर कमी पडतोय. हिशेब लागत नाही."

त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "वहिनी, टाकी तुमची, वही तुमची. आता मी पेट्रोल पितो असं पण लिवा त्यात." चावी पायरीवर ठेवली आणि गेले.

त्या दोघींनीही दुसऱ्या दिवसापासून त्यांना बोलावणं बंद केलं. मला कळलं होतं... मी गप्प राहिले.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलो. वर्षातून चार वेळा जातो. गाडी आमचे हेच चालवत होते, टाकीची चावी माझ्या पर्समध्ये. जाताना फोनवर नकाशा लावला होता... गाडीचा वेगाचा काटा साठवर आणि फोन दाखवतोय त्रेसष्ट.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, फोनचं काय खरं! तू स्तोत्र म्हण."

घरी येऊन मीटर लिहायला घेतला. जाऊन-येऊन एकशे एकतीस. मागची पानं उलटली. सहा वर्षं नागाव ते पाली आणि परत, दर वेळी एकशे अडतीस. एखादा किलोमीटर इकडे-तिकडे, बस्स.

पेट्रोल कुणी काढून नेईल, पण रस्ता कोण काढून नेणार? मधे बदललं होतं काय, तर टायर.

डिकीतली स्टेपनी अजून जुन्याच मापाची होती. शिवणकामातला दोरा घेतला, तिच्याभोवती गुंडाळला आणि टेपने मोजला. बहात्तर इंच. मग दुसऱ्या दोऱ्याने नवीन टायर. हे म्हणाले, "आता गाडीला झबलं शिवतेस की काय?" पण जॅक लावून चाक वर घेतलं त्यांनी... शहात्तर इंच.

चार इंच. गाडीचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. देवळाला भिंतीला लागून एकवीस प्रदक्षिणा घातल्या काय आणि आवाराच्या कडेने घातल्या काय, मोजणारा एकवीसच म्हणणार... पायांना मात्र माहीत असतं किती चाललो ते.

मग सगळं गणित परत केलं. एकशे एकतीसला शहात्तरने गुणलं, बहात्तरने भागलं. एकशे अडतीस. साठचे त्रेसष्ट. आणि लिटरला सतराचे... अठरा.

गंमत म्हणजे टायरच्या बाजूवर माप लिहिलेलं असतं. जुन्याचं १७५/६५, नव्याचं १८५/७०. दोन्ही माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक होती. किंमत तेवढी पाहिली मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही दोरे आणि वही घेऊन अन्वरभाईंच्या घरी गेले. बहात्तर आणि शहात्तर दाखवलं, चुकले म्हटलं. त्यांनी दोन्ही दोरे एकाशेजारी एक धरून पाहिले. मग म्हणाले, "मी सांगायला पायजे होतं, स्टेरिंगला फरक लागत होता. पण तुम्ही असं बोललात ना वहिनी... मग तोंडच उघडलं न्हाय."

चहा झाला. उद्यापासून येतो म्हणाले. उठताना हळूच विचारलं, "त्या बाकीच्यांना कोण सांगणार?"

म्हणून ही पोस्ट. बोलले चारचौघींत, तर चूकही चारचौघींतच कबूल करायला हवी. पेट्रोलचा थेंबही कुठे गेला नव्हता. चूक माझी होती, स्वस्त टायरची होती.

ज्यांनी ज्यांनी माझं ऐकून अन्वरभाईंना बोलवायचं थांबवलं, त्यांनी आज त्यांना फोन करा. आणि केलात की मला इथेच, लगोलग, एका ओळीत कळवा. वहीत मी तुमची नावं लिहून ठेवली आहेत... एकेकापुढे खूण करायची आहे.