मोजणीताईंचा चष्मा

मोजणीताईंना चांगला आकडा दाखवला की त्या खूश होत नसत. चष्मा काढून पदराने पुसू लागत. चष्मा निघाला की आमच्या अकोल्याच्या ऑफिसात समजून जायचं, आज कुणाचं तरी काही खरं नाही.

आम्ही गिऱ्हाइकांना सर्व्हर बसवून द्यायचो. देण्याआधी त्याची डिस्क किती वेगाने लिहिते-वाचते ते एका प्रोग्रामने तपासायचं. ते काम ताईंकडे, म्हणून हे नाव. त्या प्रोग्रामला ढीगभर सेटिंग्ज. बाकीचे त्या आहेत तशा ठेवून मोकळे होत. ताई एकेक सेटिंग धरून विचारत, "हे काहून?" उत्तर नसेल तर चाचणी सुरूच होत नसे.

अमरावतीच्या एका कोचिंग क्लासचं काम आलं, तेव्हा ताई तिथली अख्खी ऑनलाइन परीक्षा मागच्या बाकावर बसून पाहून आल्या. म्हणाल्या, "पोट्टे दोन तास ढिम्म बसतेत, अन् शेवटच्या दोन मिनिटात सारे मिळून बटन दाबतेत. आपल्याले थेच मोजाचं हाय." त्यावरून सेटिंग ठरली: डेटाचे तुकडे लहान, वाचण्यापेक्षा लिहिणं जास्त, आणि सगळे एकदम.

नेमक्या त्याच वेळी ताई डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या आणि चाचणी माझ्याकडे आली. माझी पहिलीच. आकडा असा झकास आला की मी हुरळून गेले आणि ताईंच्या नावाच्या कागदावर तो क्लासला पाठवूनही दिला.

रजेवरून आल्यावर ताईंनी तो पाहिला. चष्मा निघाला.

"चाचणीले फाइल केवढी घेतली?"

"एक जीबी."

"अन् मशीनची मेमरी?"

"बत्तीस."

"मंग सारं मेमरीतच मावलं. डिस्कपर्यंत गेलंच कुठं थे? कापसाची गाडी वरून पाहून भाव करतेत काय? आत हात घालतेत."

मेमरी टाळून थेट डिस्कवर लिहिणारी सेटिंग चालू केली, चौसष्ट जीबीची फाइल घेतली आणि पुन्हा मोजलं. आकडा दहाव्या हिश्शावर आला. परीक्षा रविवारी होती. नोकरी गेली हे मी धरूनच चालले. गावी, चांदूर बाजारला, बाबांना काय सांगायचं, त्याची वाक्यंही जुळवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन अमरावतीला गेल्या. क्लासचे सर भडकले. "हे मोजलं कोणी?"

मी तोंड उघडणार तोच ताई म्हणाल्या, "कागदावर नाव माहं हाय. चूक माही. डिस्क आमी आजच बदलून देतो."

परतताना बसस्टँडपर्यंतच्या ऑटोत मला रडू आवरेना. ताईंनी समजूत वगैरे घातली नाही. "रडनं सोड. सेटिंग काहून घेतली, थे दरेकीसमोर लिवत जाय."

रविवारची परीक्षा नीट पार पडली. मी आजही प्रत्येक सेटिंगसमोर कारण लिहिते. माझी नोकरी राहिली ती ताईंमुळे, आणि काम शिकले तेही त्यांच्यामुळेच. हे उपकार फिटणारे नाहीत.

आता ताई निवृत्त झाल्यात, नजरही फार अधू झाली आहे. गेल्या महिन्यात माझ्या हाताखालच्या एकाने चुकीचा आकडा पाठवला. गिऱ्हाइकाने विचारलं, "कोणी केलं हे?" मी म्हणून गेले, "कागदावर नाव माझं आहे."

संध्याकाळी फोन करून ताईंना हे सांगितलं. पलीकडे पदराची सळसळ ऐकू आली. चष्मा पुसत असाव्यात.

मग म्हणाल्या, "थे बेस केलं. फाइल केवढी घेतली होती त्यानं?"