गाईडचा भाव तीन

बाईंना शाळेत सगळे भिंगरी म्हणत. तोंडावर नव्हे अर्थात. तोंडावर म्हणायची छाती मुख्याध्यापकांचीही नव्हती. पण नाव चपखल होतं. शिकवताना बाई खुर्चीवर टेकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. घरी त्या चहाचा कप हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत, मग कप कुठे ठेवला म्हणून पुन्हा त्याच खोल्या पालथ्या घालत. त्यांचे यजमान कचेरीतून निवृत्त झाले होते आणि आता बसण्याचंच काम पूर्ण वेळ करत. ते म्हणत, "आमच्या घरात दोनच माणसं. एक बसलेलं आणि एक काहीतरी शोधणारं."

अशा या बाई वर्षातून एकदा मात्र एका जागी बसत. शालान्त परीक्षेच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासायला.

हे काम सुट्टीत रिकाम्या झालेल्या एका शाळेच्या सभागृहात चाले. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे कसेबसे कोंबून बसलेली, पुढ्यात गठ्ठे, हातात लाल पेन, आणि डोक्यावर पंखे असून बंद. पंखा लावला की पेपर उडतात, पेपर उडाला की पुरवणी सुटते, आणि सुटलेली पुरवणी कुणाची हे शोधताना भांडणं होतात. म्हणून नियमच होता, पंखे बंद. घामाचा थेंब उत्तरावर पडू नये म्हणून सगळे मनगटाला रुमाल बांधून बसत. समोर टेबलाशी मुख्य परीक्षक. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. तपासलेला गठ्ठा त्यांच्यासमोर मोजून बांधायचा आणि त्यावर लाखेचा ठसा मारून घ्यायचा. एकदा ठसा पडला की गठ्ठा पुन्हा कुणाचा नाही.

बाईंनी तपासलेला एकही पेपर आजवर फेरतपासणीत बदलला नव्हता. मोठ्या सरांचं हे शेवटचं वर्ष होतं आणि पुढल्या वर्षी ती खुर्ची बाईंची, हे सभागृहातल्या शिपायालाही ठाऊक होतं. बाई तसं बोलून दाखवत नसत. पण खुर्चीची गादी बदलायला हवी, असा विचार त्यांच्या मनात एकदोनदा येऊन गेला होता.

बाईंच्या शेजारच्या बाकावर आबा बसत. दुसऱ्या कुठल्याशा शाळेतले शिक्षक, अंगाने ऐसपैस. पेपर हातावर तोलून गुण देतात असा त्यांचा लौकिक. बाईंचा एक गठ्ठा होईतो आबांचे दोन झालेले असत. "पहिली ओळ वाचली की पोरगं कळतं बाई," आबा म्हणत. "आणि उरलेलं पान काय शोभेला असतं?" बाई विचारत. गेल्या वर्षी तर बाईंनी मोठ्या सरांकडे त्यांची सरळ तक्रारच केली होती. आबांनी ती मनावर घेतली नाही. राग यायचा तर उठावं लागलं असतं.

आता निबंधाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. या वर्षी विषय होता, 'मला जिच्याबद्दल आदर वाटतो अशी व्यक्ती'. बाजारात एक गाईड मिळतं. त्यात या विषयावर एक निबंध आहे, एका शिक्षकांवरचा. केस पांढरे, हातात काळी छत्री, मुखावर सदैव हास्य. पोरं तो घोकून येतात. त्यामुळे गठ्ठ्यामागून गठ्ठे उघडावेत तर पंचक्रोशीतल्या समस्त लेकरांना एकाच मास्तरांबद्दल आदर, आणि त्या मास्तरांकडे एकच छत्री. असल्या निबंधाला किती गुण द्यायचे हे पहिल्याच दिवशी सर्वांनी ठरवलं होतं. दहापैकी तीन. गाईडचा भाव तीन, असं मग सभागृहात रूढच झालं.

त्या दिवशी दुपारपासून यजमानांचे फोन सुरू झाले. गच्चीवरची टाकी गळते आहे. प्लंबर पाचला येतो म्हणाला आहे. "तू ये बाई लवकर. प्लंबरशी काय बोलतात ते मला नाही जमत." बाईंच्या पुढ्यात शेवटचा गठ्ठा होता. त्यांनी पेनाला वेग दिला. पाढे म्हणावेत तसं काम चाललं. छत्रीवाले मास्तर आले, तीन. पुन्हा मास्तर, तीन. एका पेपरची एकूण बेरीज एकतीस आली. पास व्हायला पस्तीस लागतात. नापासाची बेरीज दोनदा करायची असा नियम, म्हणून बाईंनी ती दोनदा केली. एकतीसच. गठ्ठा बांधला, ठसा मारून घेतला आणि धावतपळत बस गाठली.

प्लंबर आलाच नाही.

आणि त्या संध्याकाळी बाईंचं काहीतरी बिनसलं. दातात काहीतरी अडकावं आणि जिभेला ते सापडूही नये, तसं. त्यांनी गॅस बंद आहे का ते तीनदा पाहिलं. पर्स उलटी केली. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"काय हरवलंय?" यजमानांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"काही नाही."

"मग शोधतेस काय?"

"तेच तर कळत नाहीये," बाई म्हणाल्या आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.

सकाळी प्लंबर उगवला. काल का आला नाही हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्या मते आजच काल होता. त्याने खांद्यावरची शिडी भिंतीला लावली आणि यजमानांना म्हणाला, "काका, जरा घट्ट धरा." यजमानांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही घट्ट धरलं असावं. शिडी थोडी हलली. बाई चहा घेऊन बाहेर आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या.

शिडी. हा शब्द त्यांनी काल पाहिला होता. इंग्रजीत, निळ्या शाईत, पानाच्या अगदी खालच्या टोकाला. तीन आकडा लिहून पान उलटताना तो नजरेच्या कोपऱ्यातून गेला होता. डोळ्यांनी वाचला होता, बाईंनी नव्हता.

त्यांनी मनाशी गाईडचा निबंध म्हणायला घेतला. पाठच होता, न होऊन सांगतो कुणाला. पांढरे केस, छत्री, हास्य, खडू, चष्मा, शिस्त. यशाची पायरी एके ठिकाणी होती, पण शिडी नव्हती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटला. शिडी नव्हतीच. म्हणजे त्या पानावर गाईडचा निबंध नव्हता. पहिली ओळ गाईडची होती आणि पुढे दुसरंच काही होतं. आणि आता आठवलं, तो पेपर एकतीसचा होता. बेरीज दोनदा तपासली होती आणि निबंध एकदाही वाचला नव्हता. बाईंना स्वतःचा असा काही संताप आला की चहा शिडीच्या पायाशीच ठेवून त्या चप्पल घालून निघाल्या.

"अगं, प्लंबरशी कोण बोलणार?" यजमान शिडी न सोडता ओरडले.

मोठे सर टेबलाशी यादी जुळवत होते. दुपारी गाडी येऊन सगळे गठ्ठे घेऊन जाणार होती. बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, कालचा शेवटचा गठ्ठा उघडायचाय. मोठ्या सरांनी चष्म्यावरून पाहिलं. बाईंनी गठ्ठा परत मागितल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण त्यांनी काही न विचारता लाख फोडली.

पेपर सापडला. बाई बाकावर बसल्या आणि वाचू लागल्या. आबांनी आपला गठ्ठा बाजूला सारला आणि मान लांब करून तेही वाचू लागले. पहिल्या दोन ओळी गाईडच्या होत्या, पांढरे केस आणि छत्री. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, ते मराठीत साधारण असं होईल:

'पुढचं मला आठवत नाही. म्हणून माझ्या मावशीबद्दल. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. शिडी मला धरावी लागते. सगळे म्हणतात मावशी फार धीट. मावशीला उंचीची भीती वाटते. हे कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण वारा नसतो तरी शिडी हलते. मग माझे हात आणखी घट्ट. ती खाली बघत नाही. मला वर बघायचं नाही. खाली आल्यावर ती म्हणते, आज वारा फार होता. मी म्हणायचं, हो, फार होता. मला तिचा आदर वाटतो.'

लिहिणारं पोर मुलगा की मुलगी, ते इंग्रजीतल्या 'मी'वरून कळत नाही. चुका तर ओळीओळीला होत्या. बाई पानाकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना लाज वाटली, दोन्ही एकदम.

मग त्यांनी पेन उघडलं. आशयाचे पाच, पैकीच्या पैकी. भाषेचे पाचपैकी दोन. तिथे त्यांनी दया दाखवली नाही. सात. तिनाचे सात झाले आणि एकतीसचे पस्तीस.

"बरोब्बर काठावर," आबा हळूच म्हणाले. "लोक म्हणतील बाईंनी ढकलून पास केलं."

"म्हणू देत."

मोठे सर दुरुस्तीचा कागद घेऊन आले. त्यावर एक रकाना असतो, कारण. सगळे तिथे एकच लिहितात आणि मोठ्या सरांनीही तेच सांगितलं. "बेरजेची चूक लिहा. पेपर दुरुस्त होतो, कुणी काही विचारत नाही."

"बेरीज बरोबर होती सर."

"ते मला कळतंय." मोठे सर शेजारी बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, न वाचता गुण दिले असं लिहिलंत तर तुमचे सगळे गठ्ठे दुसऱ्याकडे जातील. पहिल्यापासून सगळे. आणि पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणार नाहीत. खुर्ची सोडाच, बाकसुद्धा नाही. एका पोराचं काम झालंय ना? मग झालं."

सल्ला मायेचा होता आणि बाईंना तो हवाहवासा वाटला, खोटं कशाला बोला. खुर्ची समोरच दिसत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीशी रचलेल्या, ठसा पडलेल्या आपल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. छत्रीवाले मास्तर त्यात किती होते देव जाणे. कोण कोण पुढचं विसरलं होतं, आणि विसरल्यावर त्यांनी काय लिहिलं होतं? ही शिडी एक दिसली. न दिसलेल्यांचं काय?

"बेरजेची चूक लिहिली तर बाकीचे गठ्ठे उघडतील?" त्यांनी विचारलं.

"नाही. ते कशाला उघडतील?"

उठून बाईंनी सभागृहाला एक फेरी मारली, खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. इतर बाकांवरची पेनं थांबली होती. मग त्या आपल्या बाकावर बसल्या, कागद पुढे ओढला आणि कारणाच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'निबंध न वाचता गुण दिले. माझे सर्व गठ्ठे पुन्हा तपासावेत.' मोठ्या सरांनी मान दुसरीकडे वळवली.

आता फक्त सही राहिली होती. बाईंनी पेन टेकवलं, पण ते एका जागी राहीना. हाताखालचा कागद थरथरत होता आणि त्याची कड बाकावर टपटप वाजत होती. पंखे तर बंद होते. बाईंनी वर पाहिलं नाही.

आबा त्यांच्या जागेवरून उठले. बाकाला वळसा घालून ते पलीकडच्या बाजूला आले, आणि आपला भलाथोरला तळवा कागदाच्या कोपऱ्यावर ठेवून त्यांनी तो घट्ट दाबून धरला.

"आज वारा फार आहे, बाई," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या, "फार आहे." आणि त्यांनी सही केली.