चार मिनिटांची मोजणी

माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल — त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर वही फारशी हातात आली नाही. आणि हे जे लिहिते आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहिते. वर बघत नाही.

कराडहून वडूजकडे जाताना माळावर एका सुभेदारांनी घोडे पाळले आहेत. पेन्शनीत आल्यावर ते पोरांना घोडा शिकवू लागले. मी तिथं पागेत कामाला होते — लीद काढायची, पाणी भरायचं, कडबा टाकायचा. घोड्यांशी मला बोलता येतं. माणसांशी — राहू दे.

अनुजा माधवनगरची. सतरा वर्षांची. शिकण्यासाठी जवळच्या गावात आत्याकडे राहायची. राज्याच्या संघात निवड व्हावी, एवढंच तिच्या डोक्यात. सुभेदार म्हणायचे, "घोड्यावर लगामानं न्हाई, मांडीनं टिकायचं असतं." म्हणून आधी अंगमेहनत. बैठका, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन चढ चढणं, आणि शेवटी भिंत. भिंतीला पाठ लावून, खाली खुर्ची असल्यासारखं अधांतरी बसायचं, दोन्ही गुडघ्यांत चेंडू दाबून. तिच्या मांड्या थरथरायच्या, ओठ पांढरे पडायचे. पण चेंडू पडू द्यायची नाही.

सुभेदारांचा एक नियम होता. भिंतीला सलग चार मिनिटं, तीही दोन महिने रोज, जमल्याशिवाय रिकीब काढायची नाही. रिकीब म्हणजे पाय अडकवायची कडी. ती काढली की घोड्यावर नुसत्या मांडीच्या जोरावर राहावं लागतं.

ती मिनिटं मोजायचं काम माझ्याकडे. सुभेदार त्या वेळी मैदानात दुसऱ्या पोरांकडे असत. अनुजाच्या वडिलांनी त्याचे महिन्याला पाचशे रुपये वेगळे लावून दिले. मोजायचं कसं, तेही सुभेदारांनी शिकवलं — एक हजार एक, एक हजार दोन, सावकाश, मोठ्यानं.

पहिल्याच दिवशी पोरं हसली. "मावशी हजारात खेळतीय रं गड्या!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी मनातच मोजू लागले. मला मोजणी येत होती ती एकच — कडब्याची. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, बोटाचं एक पेर. गाडीवरून कडबा उतरवताना हात थांबत नाही, तशी. दोनशे चाळीस म्हणजे चार मिनिटं, म्हणजे अठ्ठेचाळीस पाचुंदे. हिशेब चुकीचा होता का? आकडे तर बरोबर होते.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. न कळता झालेली चूक कोण धरून बसतं?

पण मला कळलं होतं.

पाचव्या महिन्यात एकदा नेहमीच्या भिंतीपाशी पाणी साचलं म्हणून अनुजा खोगिरांच्या खोलीत बसली. समोर घड्याळ. माझे अठ्ठेचाळीस पाचुंदे झाले, मी "झाली" म्हणाले, आणि माझं लक्ष वर गेलं. सेकंदाचा काटा अडीच फेऱ्याही फिरला नव्हता. दुसऱ्या दिवशी मीच तिला तिथं बसवलं. पुन्हा तेच. तिची चार मिनिटं कधी झालीच नव्हती.

ती घामाने निथळत उठली आणि माझ्या गळ्यात पडली. "मावशी, कालच्यावानी आजबी चार!" मी काय केलं? तिच्या पाठीवर हात फिरवला. मग कडबा टाकायला गेले.

का नाही सांगितलं? लाज होती. पाचशे रुपये होते. सुभेदार सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मावशीची मोजणी म्हंजे पलटणीची मोजणी" — माझ्याबद्दल चार माणसांत असं कुणी कधी बोललं नव्हतं. यातलं कोणतं मोठं होतं, मला अजून ठरवता येत नाही. आणि ठरवून तरी काय?

पुढच्या आठवड्यात सावकाश मोजायला लागावं, असं मनात होतं. पण एकदम तिचा चेंडू अडीच मिनिटांत पडला असता, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. मी तशीच मोजत राहिले. आणखी दोन महिने.

मग सुभेदारांनी तिची रिकीब काढली. चार दिवस ती नीट बसली. पाचव्या दिवशी घोडी भरधाव असताना वळणावर अनुजाची पकड सुटली. मी पाण्याची बादली घेऊन कुंपणाशी उभी होते. मला दिसलं. मांडीचं हाड मोडलं. आवाज झाला की नाही, आठवत नाही. बादली मी नीट खाली ठेवली, तेवढं आठवतं.

तिला गाडीत घातल्यावर सुभेदार माझ्यापाशी आले. "चार मिनिटं टिकणारी पोरगी सुटली कशी? मावशी, मोजणी बरोबर हुती न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

हाच तो शब्द. एवढ्यासाठी इतकं लिहिलं.

मांडीत सळई घातली. एक पाय थोडा आखूड राहिला. घोड्यावर ती पुन्हा बसली नाही. दवाखान्यात मला म्हणाली, "माझीच पकड ढिली पडली मावशी. सुभेदारांना तोंड कसं दाखवू?" मी तिला मोसंबी सोलून दिली. तेव्हाही बोलले नाही.

मोजणीचे मला सात महिने पैसे मिळाले होते. ते मी परत द्यायला लागले. जमतील तसे, पाचशे-पाचशे. एस.टी.ने सांगली, तिथून माधवनगर. अनुजाच्या आईला सांगितलं, दादांकडून, म्हणजे अनुजाच्या वडिलांकडून, उसने घेतले होते. म्हणजे तिथंही खोटंच. दादा म्हणाले, "मला तर काय आठवत न्हाई, पर आणलंय तर घे बाई."

गेल्या महिन्यात शेवटचे दिले. अनुजाने चहा आणला, एका पायावर भार देत. तिची आई म्हणाली, "आवं, आजकाल कोण देतंय असं आठवणीनं? लय सच्ची बाई हाय."

मी चहा प्यायले. कप विसळून ठेवला.

साडेतीन हजार. सगळे फिटले.