मिस्त्रींचा पोपट

परळीत स्टेशनाच्या रस्त्याला एक मिस्त्री पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. गावातल्या वीजकेंद्राची राख दुकानभर बसते, त्यांच्या भुवयांवरसुद्धा. पकडीनं जळकी तार उपटायची, गोणपाटावर ओळीनं मांडायची आणि मगच समोरच्याला उत्तर द्यायचं, ही त्यांची रीत.

समोर टांगलेल्या पिंजऱ्यातला पोपटही तेच करायचा. स्वतःचं एकेक पीस उपटायचा आणि तळाशी ओळीनं मांडायचा. छाती पार उघडी पडली होती त्याची. मी शाळामास्तर, सल्ला दिल्याशिवाय राहवतं कुठं? "जनावरांच्या डॉक्टरला दाखवा," म्हणालो.

दोन तारा मांडून झाल्यावर उत्तर आलं. "गेलतो, सर. कंटाळलाय म्हनले. चोचीला काम द्या म्हनले."

लिंबाच्या काड्या, मक्याचं कणीस, सुतळीच्या गाठी, सगळं दिलं त्यांनी. पोपट ढुंकून बघेना.

परवा भरायला टाकलेली माझ्या पंपाची मोटार आणायला गेलो, तर पोपटाच्या छातीवर कोवळी हिरवी पिसं फुटलेली. "अरे वा! कशानं बरा झाला?" मी मोठ्यानंच विचारलं.

मिस्त्री स्टुलावर डोळे मिटून बसले होते. डावा हात मांडीवर होता, त्यावर एकही केस नव्हता. उजवा हात कोपरापर्यंत पिंजऱ्यात होता. पोपटानं मनगटावरचा एक केस चोचीत धरला, हिसका दिला आणि तळाशी ओळीत नेऊन ठेवला.

"हळू बोला, सर," मिस्त्री म्हणाले. "कामात हाय तो."