तारा ती लावायची

गिटार मी वाजवायचो. तारा लावायची माझी बायको. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं, तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिने ते वाद्य एकदाही मांडीवर घेतलं नाही. चुलीपाशी बसून ती सांगायची आणि मी खुंट्या पिळायचो. पुढे तिने अंथरूण धरलं तेव्हा मला एकच घोर लागला, की ही गेल्यावर तारा कोण लावणार. अशा वेळी असले विचार मनात आणू नयेत म्हणतात. मी आणले नव्हते, ते आले.

मी नंदुरबारला कापसाच्या जिनमध्ये कामाला होतो. रुईच्या गाठी बांधायच्या, गाडीवर टाकायच्या, स्टेशनात उतरवायच्या. हंगामात यंत्र दिवसभर धडधडायचं. त्यात आमच्यापैकी बऱ्याच जणांचे कान जाड झाले. बोटं तर सगळ्यांचीच जाड झाली. बायको म्हणायची, "तुम्हनापेक्षा भिंतसंगे बोलेल बरं. ती मधमा बोलत तरी नही."

बाजाचा नाद मला आधीपासून. जत्रेला आलेल्या एका नाटक कंपनीत मेंडोलिन ऐकलं, तो आवाज डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तंबूत जाऊन वाजवणाऱ्याला म्हटलं, बघू जरा. त्याने दिलं. माझं एक बोट मानेवरच्या दोन पडद्यांवर बसलं.

"पाहुणे, हे बोट आहे की मुसळ?" तो म्हणाला.

मी परत दिलं. ते बारीक बोटांच्या माणसाचं काम. मोठी गिटारही नंतर एकदा हाताळली. तिच्यावर बोटं मावायची, पण आवाज घुमा, पोट दुखणाऱ्या म्हशीसारखा. तो मला नको होता.

स्टेशनात गोव्याकडचा एक गार्ड यायचा. मालडबे भरायला वेळ लागला की तो सावलीला बसून वाजवायचा. त्याची गिटार निराळी होती. मान मोठ्या गिटारीपेक्षा चांगली वीतभर आखूड, आणि तारा बारा, दोन-दोनच्या सहा जोड्या. मान आखूड म्हणून तारा उंच सुरात लागायच्या. जोडीने वाजायच्या म्हणून एकदा नखी मारली की आवाज दोनदा चमकायचा. डोळे मिटले तर मेंडोलिन, आणि डोळे उघडले तर पडदे माझ्या बोटांना पुरतील एवढे रुंद. लांबून घुंगुरमाळा घातलेले बैल येतात तेव्हा एकेक घुंगरू वेगळं कळत नाही, सगळं मिळून चकाकतं. तसा तो आवाज. माझ्यासारख्या जाड कानाच्यालाही तो पोचायचा.

गार्डाने मला हळूहळू शिकवलं. नोकरी संपत आली तेव्हा त्याचे सांधे धरले, तारा दाबवेनात. गावाला परत जाताना त्याने गिटार माझ्या हातात दिली. म्हणाला, "वाजवायला सोपी आहे रे. हिला लावण्यातच अर्धं आयुष्य जातं. बायको वैतागेल तुझी."

बायको वैतागली नाही. पहिल्याच संध्याकाळी मी ओट्यावर वाजवत होतो आणि ती आत भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "ती खालनी जोडी आपसात भांडी ऱ्हायनी."

"कोणती?"

"खालनी. एक म्हनस आठे, दुसरी म्हनस तठे."

मी एक खुंटी पिळली. "आते?"

"आखो. आखो थोडी. पुरं."

तिने पुरं म्हटलं आणि तोवर खडखडणारी जोडी एका घशाने बोलायला लागली. मला फरक कळला, पण तो झाल्यावर. होताना कळला नाही. पुढेही कधी कळला नाही.

तिचा कानच तसा होता. बाजारात मडकं घ्यायचं तर ती टिचक्या मारमारून घ्यायची. डोळ्यांना न दिसणारी चीर तिला ऐकू यायची. कुंभार हात जोडायचा. "बाई, घे नहीतर ठेव. वाजाडी वाजाडी तूच फोडशी." ती म्हणायची, "फुटेलच शे, मी काय फोडू?" आणि दुसरं उचलायची.

शेजारी भजनी मंडळातला पेटीवाला राहायचा. तो मला चिडवायचा. मंडळात कोणी विचारलं, आज गिटार येणार का, की तो म्हणायचा, "मालकीणबाईन्या भाकरी व्हवू द्या, मंग." श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या, गाण्यांना बाया मला वाजवायला बसवायच्या. बायको गाणाऱ्या बायांत असायची. गाणं चालू असतानाच ती मला हाक मारून सांगायची, वरची जोडी उतरली. बाया हसायच्या. मी गाणं थांबवून खुंटी पिळायचो. उकाड्यात तार उतरते, पहाटे चढते. बारा तारा म्हणजे बारा नखरे.

आणखी एक गोष्ट ती करायची, ती मला फार उशिरा समजली. जोडीतल्या दोन तारा ती अगदी एक होऊ द्यायची नाही. केसभर फरक ठेवायची. "तेवढी जोयजे," म्हणायची, तेवढी पाहिजेच. मी विचारलं तर म्हणाली, "एकदम एक करी टाकी तं दोन तारा कसाले? एकच लावा ना." त्या केसभर फरकातच घुंगुरमाळा होत्या. फरक वाढला की भांडण, फरक गेला की मेलेलं. हे शिकवून येणारं काम नव्हतं. निदान मला तरी येत नव्हतं.

दुसरी मोठी लढाई चालू असताना ती आजारी पडली. आधी ताप, मग दम. दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं, त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. त्या दिवसांत सुरतेहून तारा येईनाशा झाल्या होत्या. एखादी तुटली तर दुसरी मिळणार नव्हती, म्हणून मी खुंटीला हात लावायला भ्यायचो. तिची खाट पडवीत होती. तिथून ती सांगायची, पण बोलायला दम पुरायचा नाही.

पेटीवाल्याने पाहिलं आणि तो म्हणाला, "वहिनीले कसाले तरास? मी पेटीवर लायी देस." त्याने एक सूर धरला, एकेक तार त्याला मिळवली, सगळी दुपार घातली. एक तार चुकीची नव्हती. मी वाजवलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "त्यानी तिना जीव काढी लिना."

खरं होतं. गिटार पेटीसारखी सरळ वाजत होती.

मग तिनेच मनावर घेतलं. तुम्ही शिका, म्हणाली. मी रोज खाटेपाशी बसायचो. एक जोडी छेडायची, खुंटी थोडी पिळायची, विचारायचं. ती मान हलवायची. ना. ना. परत. मी म्हटलं, "माझ्या कानात जिन भरलेलं आहे. त्यात काही नवीन मावत नाही."

"तुम्हना कानले कोन इचारस," ती म्हणाली. "हनोटी ठेवा."

हनोटी म्हणजे हनुवटी. मला वाटलं तापात बोलते. ती चिडली. म्हणाली, तिची दाढ दुखायची तेव्हा दळायला बसली की घट्टीची, म्हणजे जात्याची, घरघर कानाआधी जबड्यात यायची. "ठेवा तं खरं."

मी गिटार उभी धरली आणि लाकडावर हनुवटी टेकवली. जोडी छेडली. जबड्यात काहीतरी फडफडलं. खुंटी पिळली, फडफड वाढली. उलटी पिळली, ती मंद झाली, मग हलायची थांबली.

"गिरणीसारखी थरथरी का?" तिने विचारलं.

"हो. आता थांबली."

"थांबनी म्हंजे मरनी. आते जराशी सोडा. घट्टी फिरस तशी फिरू द्या. हळू."

मी सोडली. जबड्यात काहीतरी सावकाश गोल फिरायला लागलं, कोणी एका हाताने दळतंय तसं. मी छेडलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आते दुसरी."

किती दिवस ते चाललं, मोजलं नाही. कधी जमायचं, कधी नाही. जमलं नाही की ती सांगायची. दम लागला तरी सांगायची. मी म्हणायचो राहू दे, तर म्हणायची, मंग आठे कसाले बसनात.

शेवटी एका दुपारी मी सहाही जोड्या तिला न विचारता लावल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. लावून झाल्यावर वाजवलं, तिच्या माहेरच्या लग्नातलं एक गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग थांबलो आणि वाट पाहिली.

ती बोलली ते एवढंच, "बकरीले पानी पाजं का?"

"नाही."

"मंग उठा. बसनात काय."

मी उठलो. बकरीला पाणी पाजलं. चूक असती तर ती बोलली असती. चूक असताना गप्प बसणं तिला आयुष्यात जमलं नाही. मला बरं वाटावं म्हणून ती शेवटी शेवटी गप्प राहिली असेल, असं आमची धाकटी सून म्हणते. सुनेला सासू कळली नाही.

त्याच पंधरवड्यात ती गेली. पहाटे गेली. मी जागा नव्हतो.

तेरावं झालं. पुढे बरेच दिवस गिटार खुंटाळ्याला टांगलेली होती. एक दिवस काढली तर सगळ्या तारा उतरलेल्या. ओट्यावर बसलो आणि हनुवटी टेकवून लावायला लागलो. पेटीवाला त्याच्या दारातून बघत होता. थोड्या वेळाने जवळ आला.

"दादा, तिना मुका ली ऱ्हायनात का?"

"आयकी ऱ्हायनू," मी म्हटलं.

तो बसला. तंबाखू मळली. माझ्या सहा जोड्या होईपर्यंत थांबला, मग कान पुढे करून म्हणाला, "थोडी मांगेपुढे शे, दादा. आनू का पेटी?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "तेवढी जोयजे."