आधी चहा, मग इंजेक्शन

माणसांच्या डॉक्टरचं बरं असतं. पेशंट स्वतःच्या तोंडाने सांगतो, इथे दुखतंय, तिथे दुखतंय. आमच्याकडे दुखतं एकाला आणि बोलतो दुसरा. आणि तो दुसरा बोलतो ते बारा आणे खोटं! त्यामुळे आमच्या घरात किस्से साचत जातात. कोणी पाहुणा आला की मागे लागतो, "वहिनी, सांगा ना एखादा, जरा हसू." सांगते बाबा. पण हसू येईलच याची गॅरंटी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पिंप्राळ्यात आमचा दवाखाना खाली आणि घर वर. माझे सासरे, नाना, सरकारी नोकरीत जनावरांचे डॉक्टर होते. रिटायर झाले, पण घरात बसतील तर शपथ. माझा नवरा, म्हणजे आमचे डॉक्टर, त्यांच्याच हाताखाली शिकले. मी बी.कॉम. मला गायीचं पोट कुठे संपतं आणि फुप्फुस कुठे सुरू होतं हे आजही विचारू नका.

तरी मला काम आहे. तपासणीच्या खोलीमागे एक छोटी खोली आहे, तिथे गॅस आणि ओटा. जनावराबरोबर नवरा-बायको आले की पुरुषाशी नाना बोलणार आणि बाईला मी मागे चहाला नेणार, हा नानांनी घालून दिलेला नियम. पुरुष बाहेर इज्जत सांभाळत बसतो. चारा-पाणी केलेलं असतं बाईने, त्यामुळे पोटात काय गेलंय ते तिलाच ठाऊक. ती ओट्याशी बोलली की मी पडद्यातून डोकं काढून डॉक्टरांना सांगते. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात. कसली डॉक्टरीण! चहावाली आहे मी.

*

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे जत्रा. एका वर्षी पहाटेच एकाने बैल आणला. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग तसंच, आणि पोट फुगून ढोल झालेलं. नानांनी विचारलं, "काय खाऊ घातलं?"

"काही नाही नाना. रोजचाच चारा."

मागे त्याची बायको चहात बिस्कीट बुडवून म्हणाली, "पुरणपोळ्या घातल्या ना. आमच्या घरच्या, भाऊबंदांच्या, गल्लीतल्या. सगळ्यांनीच घातल्या. मग यांनी घमेलंभर गहू ठेवला पुढ्यात. म्हणाले, आज त्याचा सण आहे, खाऊ दे पोटभर."

मी पडद्याकडे धावले. डॉक्टरांनी नळी घातली, सुई घातली, जे जे करता येतं ते केलं. बैल आमच्या फाटकातच आडवा झाला, बाशिंगासकट. मालक डोकं धरून खाली बसला आणि म्हणाला, "त्याच्या सणालाच त्याला उपाशी ठेवणार होतो का मी?"

नाना हात धूत म्हणाले, "वर्षभर पराणीचे टोचे खाऊन जगला गडी, आणि एका दिवसाच्या लाडाने गेला!"

*

शहरातले लोक शहाणे असतात, असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्याकडे एक दिवस येऊन बसावं. जवळच्याच कॉलनीतले एक रिटायर्ड सर मांजर घेऊन आले. मांजर धापा टाकत होतं, हिरड्या पार काळपट पडलेल्या. सरांचं भाषण सुरू. "आम्ही घरगुती उपाय अजिबात करत नाही. सायन्सवर विश्वास आहे आमचा."

मागे मॅडम मला हळूच म्हणाल्या, "अंग तापलं होतं हो तिचं. यांनी त्यांची तापाची गोळी दिली. रात्री एकदा, सकाळी एकदा."

माणसाची तापाची गोळी मांजराला विष असते, एवढं तर आता मलासुद्धा पाठ झालंय. मी बाहेर येऊन सांगितलं तर सर माझ्यावरच उखडले, "अहो, अख्खी नाही दिली! वजनाच्या हिशोबाने अर्धी दिली!"

मांजर दुपारी गेलं. सरांनी पिशवीत घातलं, आणि दारात थांबून आमच्या डॉक्टरांना विचारलं, "पाव दिली असती तर?" मला इतका राग आला होता की तोंडातून काहीतरी जाणारच होतं. पण सरांनी पिशवीचं तोंड उघडंच ठेवलं होतं, तिला श्वास घेता यावा तसं. मग मी नुसतं दार धरलं.

*

लंपीच्या साथीतली गोष्ट नाना स्वतः सांगतात. आमचं मूळ गाव पहूर, त्या बाजूच्या खेड्यांत ते आणि डॉक्टर गोठे बघत फिरत होते. एकाच्या गोठ्यात गायच नाही. खुंटा आहे, दावं आहे, ताजं शेण आहे, गाय नाही.

"गाय कुठेय?"

"विकली नाना, मागेच."

तेवढ्यात घरातून हंबरण्याचा आवाज आला. नाना म्हणाले, "मग हे काय?"

"टीव्ही, नाना."

आणि त्या वेळी गावात लाइट गेलेली!

नाना आत शिरले. मधल्या घरात, देवळीसमोर गाय उभी. अंगभर गाठी, त्यावर हळद लिंपलेली, आणि वरून मालकाच्या बायकोचं लुगडं पांघरलेलं. गावाला कळलं तर आपली गाय गावाबाहेर काढतील, या भीतीने त्यांनी तिला घरात घेतलं होतं. तिची कालवड चांगली होती, पण आईजवळ हवी म्हणून तीही आतच. गाय गेली, मग कालवडही गेली. मीठ टाकून दोघींना एकाच खड्ड्यात पुरलं. नाना हा किस्सा "टीव्ही, नाना" इथपर्यंतच सांगतात. पुढचं मला डॉक्टरांनी सांगितलं.

*

गावातल्या एका मारवाडी व्यापाऱ्याची लॅब्रॅडॉर होती, राणी. हाडाचा कॅन्सर झाला. डॉक्टर म्हणाले, हाल होतायत, झोपवून टाकू. शेठजींनी हात जोडले. "आमच्यात चालत नाही, डॉक्टरसाहेब. जीव आपण दिलेला नाही, मग घ्यायचा कसा?"

त्यांचंही खरंच होतं. मग रोज दुखणं कमी करायच्या इंजेक्शनला राणीला घेऊन यायचे, सोबत त्यांची म्हातारी आई. राणीला आईनेच वाढवलेलं. एक दिवस आईने माझ्या हातातला चहा बाजूला ठेवला आणि पुटपुटली, "बेटी, ते इंजेक्शन... कधी चुकून जास्त जात असेल ना? चूक झाली तर मी काही विचारणार नाही."

मी बाहेर जाऊन डॉक्टरांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "तिला सांग, मी मोजून देतो." मला तेव्हा स्वतःच्या नवऱ्याचा संताप आला, खोटं का सांगू!

राणी पुढे कितीतरी दिवस रडत, कण्हत राहिली आणि मग गेली. नंतर म्हातारी एकटीच रिक्षाने आली. मला वाटलं, आता शिव्याशाप देणार. म्हणाली, "तुझ्या डॉक्टरला सांग, बरं झालं माझं ऐकलं नाही. नाहीतर मी जपाची माळ घेऊन बसले असते आणि प्रत्येक मण्याला मला ते आठवलं असतं."

*

आता हा एक सांगते आणि मग उठते, कुकर लावायचाय.

धरणगावकडच्या एका खेड्यातून पिकअपमध्ये म्हैस आली. मालकाचं नाव बापू, सोबत बायको, सुमन. म्हैस सारखी घोगरी ओरडत होती, तोंडातून लाळेच्या तारा. बापूभाऊ म्हणाले, "घशात काहीतरी अडकलंय. केळीच्या बुडाचा कांदा खाल्ला असेल."

डॉक्टर पिकअपची मागची फळी पाडायला पुढे झाले आणि तिथेच थांबले. "उतरवू नका. कोणी हात लावू नका. हिला मागे कधी कुत्रं चावलं होतं?"

चावलं होतं. गावातलंच पिसाळलेलं.

म्हशीचं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. आता प्रश्न माणसांचा होता. पिसाळलेल्या जनावराला गिळता येत नाही, आणि लोकांना वाटतं घशात अडकलंय, म्हणून कोपरापर्यंत हात घालून चाचपतात. त्या हाताला नुसता ओरखडा असला तरी लाळेतून विष आत जातं. वेळेत इंजेक्शनं घेतली तर माणूस वाचतो. रोग एकदा दिसायला लागला की जगातला कोणताही डॉक्टर काही करू शकत नाही.

नानांनी विचारलं, "तोंडात हात कोणी घातला?"

"मी. फक्त मी," बापूभाऊ म्हणाले.

सुमनला मी मागे नेलं. साबणाने तिचे हात धुवायला लावले, चहा दिला. तिने कपाला हातच लावला नाही. माहेर माझं शिरपूरचं, अहिराणी मला चांगली कळते, म्हणून ती सरळ तिच्या बोलीत बोलली. "ताई, यास्ना आगुदर मना देरनी हात घाला."

नवऱ्याच्या आधी तिच्या दिराने हात घातला होता, संजयने. गावात कोणाच्याही जनावराच्या घशात अडकलं की त्यालाच बोलावतात, त्याचा हात बारीक आणि सफाईचा. बापूभाऊ बाजाराला गेलेले असताना म्हैस ओरडायला लागली, तेव्हा सुमनने त्याला बोलावलं. दिवस कापूस वेचायचे, बोंडांनी त्याचे दोन्ही हात ओरबाडलेले.

"मग सांग ना बाहेर!"

"कशी सांगू? दोन्ही भाऊ बोलतस नहीत." शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं अबोला. बापूभाऊंनी बायकोला बजावलेलं, त्याचा पाय माझ्या दारात पडला तर तू माहेरी.

म्हटलं थांब, परस्पर काम करू. सुमनकडून नंबर घेऊन तिथूनच मी संजयला फोन लावला, सगळं समजावलं. तो म्हणाला, "कोनती म्हैस? मी कोनाकडे गयथूच नही." आणि कट! पुन्हा लावला तर उचलेना. इंजेक्शन घेतलं की गावाला कळणार, का घेतलं. कळलं की वहिनीचा संसार मोडणार. म्हणून गडी मरायला तयार! आता याला काय म्हणायचं, मूर्ख म्हणायचं की काय म्हणायचं, मला आजही ठरवता येत नाही.

मी सुमनला स्पष्टच सांगितलं, "बाई, तू माहेरी गेलीस तर परत आणता येईल. तो गेला तर येणार नाही."

ती उठली. पदर डोक्यावर घेतला आणि पडदा सारून स्वतःच बाहेर गेली. सगळ्यांसमोर, नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "संजूनी हात घाला. मी बलायं त्याले."

बाहेर म्हैस ओरडत होती. बापूभाऊंनी म्हशीकडे पाहिलं, मग बायकोला एकच प्रश्न केला. "कोनता हात?"

"दोन्ही."

बापूभाऊ आमच्या डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, तुमनी गाडीनी चाबी द्या."

आमची मोटारसायकल घेऊन गेले. पुढचं सुमनने गावातून ऐकून मला सांगितलं. घरी गेले नाहीत, सरळ संजयच्या शेताच्या बांधावर जाऊन गाडी उभी केली आणि हॉर्न दाबला. हाक नाही, काही नाही. हॉर्न! कापसातल्या बाया उठून बघायला लागल्या तरी हॉर्न सुरूच. शेवटी संजय बाहेर आला. बापूभाऊंनी नुसती मान हलवली, मागच्या सीटकडे. तो बसला.

सरकारी दवाखान्यात दोघांनी इंजेक्शनं घेतली. चावी परत करायला आले तेव्हा आमच्या डॉक्टरांनी हौसेने विचारलं, "मग, झालं ना बोलणं?"

"नही ना! बोलनं बंद शे," बापूभाऊ म्हणाले. संजय फाटकाबाहेर गाडीशी उभा होता, तोंड फिरवून.

म्हैस गेली. सुमन माहेरी गेली नाही, तिला कोणी जा म्हटलंच नाही. पुढची इंजेक्शनं डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखांना झाली. दर वेळी तसंच. बांधावर बापूभाऊंची स्वतःची गाडी, हॉर्न, मान, मागची सीट. जाताना शब्द नाही, येताना शब्द नाही. गावाने बघून घेतलं, कोणी काही बोललं नाही.

शेवटचं इंजेक्शन झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुमनचा फोन आला. म्हटलं, काय गं, कोणाला काही होतंय का?

"काही नही ताई, बठ्ठा चांगला शेतस. पन आज सकायले या उठनात, गाडी काढी आनि बांधवर गयात."

"अगं, इंजेक्शनं तर संपली ना! आता कशाला हॉर्न?"

"हॉर्न कोठे वाजाडा! तो पहिलेच बांधवर उभा व्हता."

"मग दोघं कुठे गेले?"

"माले काय माहीत? दोन्ही बोलतस का काही!"