वाटीत काढलेली तर्री

रस्सा बायकोनं करायचा आणि नावं मी ठेवायची, अशी आमच्या घरातली बत्तीस वर्षांची वाटणी होती. वांग्याच्या रश्श्यावर लाल तेलाचा थर तरंगला नाही तर तिला तो पाहुण्यापुढं ठेवायची लाज वाटे. त्या तेलाला आमच्याकडे तर्री म्हणतात. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. महागावजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. त्यामुळं ताटावर बसलो की मी तिला तेलाचे तोटे ऐकवायचो. ती सगळं नीट ऐकून घ्यायची आणि माझ्याच वाटीत पळीभर तर्री आणखी ओतायची.

छातीतल्या गाठीचं तिचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तीन वर्षं बरी गेली. मग ते दुखणं मणक्यात उतरलं. उभं राहिलं तर चाले, आडवं झालं तर चाले, पण बसलं की पाठीतून अशी कळ जायची की तिच्या हातातली वस्तू खाली पडे. आणि तिला तर बसायचंच होतं. दुपारी चारच्या सुमारास चहाचा कप घेऊन पुढच्या ओट्यावर बसायची तिची जुनी सवय होती. तिथून बस स्टँडकडे जाणारा रस्ता दिसतो, येणारी-जाणारी बाई थांबून दोन शब्द बोलते. तेवढ्यात तिला सगळ्या गावाची खबर लागायची.

"मले बाकी काई नोको," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली होती. "एक कप चहा होतवर ओट्यावर बसता आलं पाह्यजे बस."

या डॉक्टरीणबाई यवतमाळला फक्त वेदनांवर उपचार करतात. त्यांच्या कडक गोळ्यांनी कळ थोडी दबायची, पण ही दिवसभर गुंगीत राही आणि अन्न समोर आलं की मळमळे. म्हणून त्यांनी गोळ्यांच्या जोडीला आणखी एक औषध द्यायचं ठरवलं. भांगेच्या झाडातून काढलेलं, पण नशा न आणणारं. नाव कॅनाबिडिऑल. त्यांनी आधीच बजावलं की हे गाठीवरचं औषध नाही, काहींना यानं झोप लागते, दुखणं थोडं सुसह्य होतं, काहींना काहीच होत नाही, आणि यकृतावर लक्ष ठेवायला मधून मधून रक्त तपासावं लागेल. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, जेवणासोबत.

परतताना एसटीत ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, "पोरीले सांगतो आता, तुह्या बापानं मले आखरी भांग पाजली म्हणून."

आमची मुलगी उमरखेडला दिलेली आहे. तिला हे सांगून दोघी फोनवर किती तरी वेळ हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मी तेव्हा फार गंभीर माणूस झालो होतो.

घराचा स्वयंपाक आता माझ्याकडे आला होता. मागे तिच्या तोंडात फोड आले होते तेव्हा दवाखान्यात तिखट कमी करायला सांगितलं होतं. तेवढंच सांगितलं होतं. तेल मी आपल्या मनानं बंद केलं. आमच्याकडे माणूस अंथरुणाला टेकला की पहिली संक्रांत फोडणीवर येते. माझ्या आईनं माझ्या वडलांचं केलं, मी हिचं केलं. बिनफोडणीचं मुगाचं वरण, मऊ भात, पाण्यात शिजवलेला दोडका, कोरडी पोळी. तोंडातले फोड केव्हाच बरे झाले, पथ्य मात्र चालूच राहिलं. कुणी भेटायला आलं की मी छाती काढून सांगायचो, चार महिने झाले, तेलाचा थेंब पोटात जाऊ दिला नाही. लोकही मान डोलवायचे, मास्तर बायकोची सेवा फार करतात म्हणायचे. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

दर रविवारी मुलगी सकाळच्या एसटीनं डबा घेऊन यायची. आईच्या हाताची चव तिच्या हातात उतरलेली आहे. डब्यात वांग्याचा रस्सा असे, वर तर्रीचा लालभडक थर. मी तो पातेल्यात ओतायचो, थोडा वेळ निवू द्यायचो आणि चमच्यानं वरची तर्री हळूहळू एका स्टीलच्या वाटीत काढून घ्यायचो. खाली राहिलेलं फिकं पाणी आणि फोडी धुतल्यासारख्या करून हिला. वाटीतली तर्री टाकायची कशी? ती मी माझ्या भाकरीवर ओतून घ्यायचो. तिच्या खाटेशेजारीच ताट घेऊन बसायचो, ती एकटी जेवायला नको म्हणून.

"एक चमचा द्या ना," ती म्हणायची.

"पथ्य हाये तुले."

"चमच्यानं का मरतो काय मी?"

"तोंड बंद अन् जेव," मी वर्गात बोलतो तसा बोलायचो. ती भिंतीकडे तोंड करून दोन घास खायची. मला वाटायचं, रुसली आहे, दुखणं बरं झालं की समजेल तिला.

औषध आधी थेंबांच्या बाटलीत, तेलात मिसळलेलं होतं. थेंब जिभेखाली धरायचे, दीड-दोन मिनिटं गिळायचे नाहीत, म्हणजे काही भाग तिथल्या पातळ कातडीतून सरळ रक्तात उतरतो. मी घड्याळ घेऊन उभा राहायचो. तिला ती कडू, गवताळ चव सहन होत नसे. तोंडाला पाणी सुटायचं आणि अर्ध्या मिनिटात ती सगळं गिळून टाकायची. मग मी चिडायचो. महिना गेला, ओट्यावर बसणं काही जमलं नाही. मी दोष तिच्या गिळण्याला दिला. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, चव सोसत नसेल तर कॅप्सूल घ्या, तेवढीच मात्रा. कॅप्सूल सुरू झाली. ती पोटात फुटायची, म्हणजे गुण यायला वेळ जास्त लागणार हे मी धरून चाललो. वाट पाहिली. कॅप्सूल तरी कुठं उपयोगाला आली? मग त्याच औषधाचं, पाठीला लावायचं मलम आलं. हे मात्र तिला आवडलं. मी चोळायला बसलो की ती डोळे मिटून पडून राही. गुण मलमाचा की हाताचा, हे तिनं कधी सांगितलं नाही. बसलं की कळ यायची ती यायचीच.

"कायले एवढा जीव काढून राह्यले माह्यासाठी?" ती एकदा म्हणाली. "नाई बसता येत तं नाई."

पण डोळे खिडकीतून ओट्याकडेच होते.

चौथ्या महिन्यात आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. आता म्हणे पाण्यात मिसळणारं औषधही मिळतं, ते लागू पडेल का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यात तेलाचे अगदी बारीक कण करतात, ते लवकर शोषलं जातं, पाहू. मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "औषधासोबत काय जेवतात ताई?"

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. वरण, भात, दोडका, पोळी, सगळं वेळेसकट सांगितलं.

"आणि तेल, तूप?"

"थेंब नाही मॅडम. चार महिन्यांपासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. शाबासकी मिळेल असं मला क्षणभर खरंच वाटलं होतं. त्या आवाज न चढवता बोलल्या, म्हणून ते आणखी लागलं. हे औषध पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. जिभेखाली धरलेलंही बहुतेक शेवटी गिळलंच जातं, आणि थेंबांतलं तेवढंसं तेल पुरत नाही. पोटात स्निग्ध काही असलं तर पित्त सुटतं, तेलाचे बारीक कण होतात आणि त्यांच्यात बसून औषध आतड्यातून पलीकडे जातं. त्यातलं काही वेगळ्या वाटेनं, यकृताला चुकवून रक्तात पोचतं. नाहीतर यकृत रक्तात जाण्याआधीच बरंचसं मोडून टाकतं. कोरड्या जेवणावर घेतलेलं आणि तेलातुपाच्या जेवणावर घेतलेलं, यात कितीतरी पटींचा फरक पडतो. मलम कातडीच्या आसपासच राहतं, मणक्यापर्यंत ते जाणार नाही. "मी जेवणासोबत लिहिलं होतं," त्या म्हणाल्या, "पण जेवणात फोडणीच नसेल हे माझ्या डोक्यात नाही आलं. चूक माझीही आहे, विचारायला हवं होतं."

त्यांची चूक नव्हती. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात, म्हणून गाजराच्या भाजीला तेल लागतं. हे मी सातवीला दरवर्षी फळ्यावर लिहितो. अधोरेखित करतो. परीक्षेत विचारतो आणि चुकलं तर गुण कापतो.

हिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि हसायला लागली. पाठ धरून हसली.

"काय वो मास्तर," ती म्हणाली, "जगाले शिकोता अन् घरी मले पाण्यात शिजोलेला दोडका!"

मला तिनं रागावायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्या दिवशी घरी आल्यावर खाटेवरून तिनं सांगितलं तसा मी रस्सा केला. तेल घालताना दोनदा थांबलो, दोन्ही वेळा तिनं आतून ओरडून आणखी घालायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूलच चालू ठेवली होती, गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या होत्या आणि कॅप्सूलची मात्रा कमी केली होती, कारण आता जास्त शोषलं जाणार होतं आणि गुंगी चढायची भीती होती. रोज सारखंच जेवायचं, एक दिवस तेलकट आणि एक दिवस कोरडं असं करायचं नाही, असंही सांगितलं होतं. मग तेलतूप रोजच, कधी तर्री, कधी वरणभातावर तुपाची धार, कधी जवसाची चटणी नि तिच्यावर कच्चं तेल. ती पहिला घास तोंडात घेऊन तसाच धरून ठेवायची. थेंबांच्या वेळी जे तिला कधी जमलं नाही ते इथं न सांगता जमत होतं.

साधारण दहा दिवसांनी, एका दुपारी, तिनं चहा ओट्यावर मागितला.

मी भिंतीला उशी लावली. ती बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, ती रस्त्याकडे. दुखत होतंच, पण ती कळ आली नाही. समोरून जाणारी एक बाई "अगं माय, उठली का तू!" म्हणून थांबली आणि तिथंच बसली. दोघींनी कुणाच्या तरी सुनेची यथेच्छ चौकशी केली. चहा संपेपर्यंत बसायचं, असं तिनंच मागितलं होतं. म्हणून ती चहा संपूच देत नव्हती. इतका हळू पीत होती की कपात साय धरली. मी आत जाऊन तोंड धुतलं.

असं जेमतेम दोन आठवडे चाललं. औषधानं झालं की गोळ्यांच्या बदललेल्या वेळांनी, की पोटात आवडीचं गेल्यानं, हे डॉक्टरीणबाईही ठामपणे सांगू शकल्या नाहीत. मीही सांगू शकत नाही. नंतर दुखणं पुढं सरकलं. रक्ताच्या तपासणीत यकृत बिघडलेलं दिसलं, औषध बंद झालं. मग अन्नच नकोसं झालं. मुलीनं डबा आणला, मी बोटावर तर्री घेऊन तिच्या ओठाला लावली. तिनं मान फिरवली. रुसून नव्हे. तिला खरंच नको होतं. पुढच्या आठवड्यात ती गेली.

लोक अजूनही म्हणतात, मास्तरांनी बायकोची फार सेवा केली. मी त्यांना चहा विचारतो. औषधाचं सोडून देऊ. ते कदाचित तसंही लागू पडलं नसतं. पण चार महिने तिला पोटभर आवडीचं खायला मिळालं असतं, आणि ते मी तिच्यासमोर बसून, तिच्या वाटणीचं, भाकरीवर ओतून खाल्लं. याचं मला रोज दुःख होतं. ती वाटी अजून घरात आहे. मुलगी भांडी लावताना ती पुढं ठेवते, मी मागं सरकवतो.

यंदा सातवीचा तो धडा आला. मी फळ्यावर चार अक्षरं लिहिली, खाली रेघ ओढली आणि नेहमीसारखं गाजर सांगणार होतो. गाजर तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "एक बाई आजारी होती. तिला जे औषध होतं ते तेलातच विरघळणारं. पण तिच्या जेवणातलं तेल बंद केलेलं होतं. मग काय झालं असेल?"

"औषध तसंच निंगून गेलं असन," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"बरोबर."

मी खडू ठेवला. ती मुलगी खाली बसली नव्हती.

"पन सर," तिनं विचारलं, "तिचं तेल कोनं बंद केलं होतं?"

"मी," मी म्हणालो.